आमची वाटचाल: मोटरच्या पोटातलं तांबं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरमध्ये नवी तार गुंडाळून देण्याचं, वर्कशॉप आहे. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत इथेच उभी राहिली. बाबा पोखरण रोडवरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. कारखाना बंद पडला, तेव्हा हाती आलेल्या पैशांतून त्यांनी हा गाळा घेतला.

सुरुवातीला कामं कारखान्यांचीच असायची. मोटरीच्या मागोमाग त्यांचा इंजिनिअर यायचा, तारेचा गेज, म्हणजे जाडी, तपासायचा, वेढे मोजायला लावायचा. पुढे कारखाने गेले, घोडबंदर रोडपर्यंत टॉवर झाले आणि पाण्याच्या पंपांच्या निमित्ताने सोसायट्या आमच्याकडे येऊ लागल्या. तिथे काम तपासणारं कोणी नव्हतं.

सोसायटीचं काम म्हणजे तीन कोटेशनं. तिन्ही कागदांवर एकच ओळ: ‘५ एचपी पंप मोटर, रिवाइंडिंग’. सेक्रेटरी विचारायचे, “अहो, काम तेच आहे ना? मग तुम्हाला जास्त का द्यायचे?” त्यांचंही चूक नव्हतं. कागदावर काम तेच होतं. फरक मोटरच्या पोटात होता, आणि झाकण लावून रंग मारला की तो कोणालाच दिसत नाही.

तो फरक सांगतो. ॲल्युमिनियमवर तांब्याचा पातळ मुलामा दिलेली तार मिळते. वरून ती थेट तांब्यासारखी दिसते; टोक कापून कानस मारली की आतून पांढरी निघते. ॲल्युमिनियमशी आमचं वैर नाही. त्याचा हिशेब धरून, जाड तार घालून बनवलेल्या मोटरी चालतात. पण तांब्यासाठी कापलेल्या खाचेत तेवढ्याच जाडीचं ॲल्युमिनियम भरलं, तर विजेला होणारा रोध दीडपटीहून जास्त होतो आणि मोटर तापते. दुसरी युक्ती वेढे कमी टाकण्याची. तार वाचते, पण मोटर रिकामी फिरतानाही जास्त करंट ओढते. तिसरी सगळ्यात वाईट: जुनी वाइंडिंग लवकर निघावी म्हणून स्टेटरवर, म्हणजे मोटरच्या न फिरणाऱ्या भागावर, थेट गॅसची ज्योत सोडायची. स्टेटर ज्या पातळ पत्र्यांचा बनतो, त्यांच्यामधलं इन्सुलेशन जळतं, आणि त्यानंतर कितीही चांगली तार भरा, ती मोटर आयुष्यभर वीज जास्तच खाते.

असं काम स्वस्तात होतं, म्हणून तेच कोटेशन पास व्हायचं. आमच्या गल्लीतले चांगले वाइंडर एकेक करून कमी झाले. कोणी रिक्षा घेतली, कोणी गावी गेलं. कोणी गाळा राखण्यासाठी तीच तार भरायला लागलं, आणि ते बघताना बाबांना फार वाईट वाटायचं.

नौपाड्यातल्या एका सोसायटीचे खजिनदार अर्थशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते. पंपाचं बिल द्यायला आले, तेव्हा त्यांनी मला ग्रेशमचा नियम समजावला. खिशात फाटकी आणि कोरी अशा दोन नोटा असल्या, तर आपण फाटकी आधी खपवतो. दोन्हींची किंमत सारखीच धरली जाते, म्हणून चांगली घरात राहते आणि बाजारात वाईट फिरते. मग ते म्हणाले, “तुमचं दुखणं मात्र त्याच्या पुढचं आहे.” जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावरून ते मांडलं होतं. घेणाऱ्याला चांगलं-वाईट ओळखता येत नाही, म्हणून तो सरासरी भाव देतो. त्या भावात चांगला माल परवडत नाही, चांगला विकणारा निघून जातो, आणि सरासरी आणखी खाली येते. ॲकरलॉफ यांना २००१ चं नोबेल विभागून मिळालं. मला त्यात आमची गल्ली दिसली.

तोवर मी ‘लोकांना दर्जा नको, स्वस्तच हवं’ असं धरून चाललो होतो, सगळी लाइनच तसं म्हणते. पण ज्याला फरक दिसतच नाही, त्याने किमतीवरून निवडलं तर त्याला दोष कसा द्यायचा? जांभळी नाक्यावर कोकणच्या पेटीत कर्नाटकचा आंबा खपतो, तेव्हाही खाणाऱ्याची आवड बिघडलेली नसते. कोकणातल्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला लावायची मान्यता, मिळालं, ते याच गरजेतून.

म्हणून आम्ही कोटेशन बदललं. एका ओळीऐवजी आता त्यात तारेचा धातू, गेज, प्रत्येक कॉइलचे वेढे, इन्सुलेशनचा वर्ग (ते किती उष्णता सोसेल) आणि वार्निशनंतर ओव्हनमध्ये सुकवणार की नाही, हे सगळं लिहिलेलं असतं. जुनं तांबं गिऱ्हाइकासमोर वजन करून त्याचे पैसे बिलातून वजा करतो. नवी तारही काट्यावर ठेवतो, कारण रंग फसवतो पण वजन फसवत नाही: त्याच आकाराचं ॲल्युमिनियम तांब्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही हलकं भरतं. मोटर बंद करण्याआधी वाइंडिंगचे फोटो पाठवतो. मेगरचं, म्हणजे इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरचं, रीडिंग आणि रिकाम्या मोटरचा करंट बिलावर असतो.

अजूनही कामं हातची जातात. बिल्डरच्या ताब्यातल्या इमारतींत तर बहुतेक वेळा जातातच, कारण पुढचं वीजबिल बिल्डरला भरायचं नसतं. पण ज्या सोसायट्यांनी हे कोटेशन वाचलं, त्यातल्या काही आता इतरांकडूनही याच रकान्यांत दर मागवतात. त्यामुळे शेजारच्या दोन वर्कशॉपनी वजनकाटा घेतला. ते आमचे स्पर्धक आहेत, आणि तो काटा बघून मला मनापासून आनंद झाला.

कोटेशनचा कोरा नमुना आमच्या काउंटरवर ठेवलेला आहे. काम दुसऱ्याकडून करून घेणार असाल, तरी घेऊन जा आणि त्यांच्याकडून भरून घ्या.