अडकित्त्यापासून सुरुवात करा: मुलांना घेऊन केळकर संग्रहालयात

पुण्यात बाजीराव रस्त्याच्या आत, नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकरांनी हा संग्रह जमवला, बालपणीच गेलेल्या राजा या मुलाचं नाव त्याला दिलं आणि १९७५ मध्ये तो राज्य सरकारच्या स्वाधीन केला. एकूण वस्तू वीस हजारांच्या घरात, त्यातल्या साधारण अडीच हजार मांडलेल्या.

मुलांना इथे 'इतिहास दाखवायला' नेलं की गाडं अडतं. शतक कोणतं, प्रांत कोणता, पाटी वाच, चल पुढे. दुसऱ्या दालनात पोचेपर्यंत पाणी, भूक, पाय दुखणं सगळं सुरू होतं. खरं तर दिवे, कुलपं, अडकित्ते, दौती, वज्र्या (पाय घासायच्या), भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू ही या संग्रहाची खरी श्रीमंती. प्रत्येक वस्तू कुठल्या तरी कामासाठी घडवलेली. तेव्हा कपाटापाशी एकच प्रश्न विचारायचा: हे चालत कसं असेल?

सुरुवात अडकित्त्यांपासून करावी. कोरीवकाम इतकं देखणं असतं की मुलं आकृत्यांतच अडकतात, म्हणून आधी खिळा शोधायला लावा. कात्री पाहून टेकू मधेच असतो अशी मुलांची समजूत असते. अडकित्त्यात टेकू, म्हणजे तो खिळा, एका टोकाला, सुपारी मधे आणि मूठ दुसऱ्या टोकाला. म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. सुपारी खिळ्यापासून २ सेंमीवर आणि मूठ १२ सेंमीवर धरली तर हाताचा जोर सुपारीवर सहापट होऊन पडतो. सुपारी ४ सेंमीवर सरकली की तिप्पटच. मात्र अगदी खिळ्याशी नेली तर पाती जास्त उघडावी लागतात आणि ती बाहेर निसटते. घरी अडकित्ता नसला तर लिंबू पिळायचं यंत्र आहेच, तीच तरफ. चिमट्यात जोर मधे लागतो, म्हणून तो तिसऱ्या प्रकारचा. त्यात जोर वाढत नाही, पण पकड नाजूक राहते.

वहीत प्रत्येक वस्तूचं ढोबळ चित्र काढायला लावा: टेकूला ठिपका, हाताला बाण, भाराला फुली. पेन्सिलच द्या, पेन नको. फोटोचे नियम तिकीट खिडकीवर विचारून घ्या. पण फोटो काढणारं मूल वस्तूकडे पाहत नाही, चित्र काढणाऱ्याला पाहावंच लागतं.

दिव्यांपाशी सगळ्यात जास्त वेळ द्यावा. तेल वातीतून वर चढतं ते सुतांमधल्या बारीक पोकळ्यांमुळे. पातळी खाली गेली की तेलाला जास्त चढावं लागतं आणि ज्योत मंदावते. म्हणून समईचं तबक पसरट: तेवढंच तेल जळलं तरी पातळी हळू उतरते. काही जुन्या टांगत्या दिव्यांत तेलाचा साठा पक्ष्याच्या किंवा हत्तीच्या पोटात असतो आणि तबकातलं तेल कमी झालं की आपोआप खाली येतो. ही जादू वाटते, पण घरी करता येते.

सपाट बुडाची एक लिटरची बाटली घ्या (शीतपेयाची नको, तिचं बूड पाकळ्यांचं असतं). बुडापासून १ सेंमी वर ८ ते १० मिमी व्यासाचं भोक मोठ्या माणसाने पाडावं. भोकावर बोट ठेवून बाटली काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा, २० सेंमी व्यासाच्या आणि निदान ४ सेंमी उंच काठाच्या केकच्या भांड्यात उभी करा, मग बोट काढा. पाणी भोक बुडेपर्यंत येतं आणि थांबतं. वाटीने थोडं पाणी काढलं की भोक उघडं पडतं, हवेचा बुडबुडा आत शिरतो, तेवढं पाणी बाहेर येतं. फसतं ते बहुधा तीन कारणांनी. झाकण सैल असलं तर हवा वरून शिरते आणि सगळं पाणी वाहून जातं. भोक सुईएवढं असलं तर पृष्ठताणामुळे पाणी तिथेच अडून राहतं. आणि परात घेतली तर पातळी भोकापर्यंत येण्याआधीच बाटली रिकामी होते.

स्वयंपाकाच्या भांड्यांपाशी कल्हई सांगावी. पितळ-तांब्याच्या भांड्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की आम्लात धातू उतरतो, कळकतं ते यामुळेच. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून साध्या भट्टीवर ते कापसाने आतून पसरता येतं. नवसागर टाकायचा तो पृष्ठभाग साफ करायला. तो नसेल तर कथील धरतच नाही. घरी काळवंडलेल्या तांब्याच्या अर्ध्या भागावर चिंच चोळून दाखवा, बाकी बोलावं लागत नाही.

हुक्क्याबद्दल मुलं विचारतातच. पाण्याने धूर गार होतो, निर्धोक होत नाही, एवढं उत्तर पुरे. चर्मवाद्यांपाशी मात्र शाईकडे, म्हणजे तबल्यावरच्या काळ्या गोलाकडे, बोट दाखवा. नुसत्या ताणलेल्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराशी पूर्णांकी प्रमाणात नसतात, म्हणून ढोलाचा स्वर 'लागत' नाही. मधल्या शाईचं वजन ते प्रमाण जुळवतं. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर लिहिलं होतं, नोबेलच्या दहा वर्षं आधी.

सहा वर्षांखालच्या मुलांना तासाभराच्या वर ओढू नये. मोठ्यांनाही दीड तास आणि दहा-बारा वस्तू पुरतात. मधे जिने आहेत, बाबागाडी अडचणीची होते. काचेत दिव्यांचं प्रतिबिंब पडतं तेव्हा मुलांना समोर उभं न करता बाजूने, तिरकं बघायला सांगा. आणि आपण एकदा त्यांच्या उंचीला वाकून पाहावं, कारण वरच्या फळीवरचं त्यांना बरेचदा दिसतच नाही. मस्तानी महालाचं दालन शेवटी ठेवा. तिथे चालवून बघण्यासारखं काही नाही, पण कोथरूडचा महाल उतरवून इथे पुन्हा उभारलाय म्हटल्यावर मुलं खांबांचे सांधे शोधायला लागतात.