म्युझिक थेरपीचं बिल आणि तो एक लाल रकाना – माझा अनुभव

घरी कुणाला पॅरालिसिसचा झटका येऊन वाचा गेली असेल आणि हॉस्पिटलमध्ये कुणी म्युझिक थेरपी सुचवली असेल तर हे वाचा. थेरपी चांगली आहे, जरूर करा. फक्त विम्याचा क्लेम करणार असाल तर पहिल्या सेशनच्या आधी एवढं विचारून घ्या की बिलावर सही कोण करणार आणि त्यांना रजिस्ट्रेशन नंबर आहे का. बाकी सगळं नंतर.

आमच्या बाबांना मेंदूच्या डाव्या बाजूला स्ट्रोक झाला. उजवा हात-पाय लुळा आणि बोलणं बंद. समोरच्याचं सगळं कळत होतं, डोळ्यांनी उत्तरं द्यायचे, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले याला ब्रोका अफेजिया म्हणतात. ॲडमिशन, एमआरआय, कॅशलेसची मंजुरी, डिस्चार्ज हे सगळं व्यवस्थित झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

वॉर्डात शेजारच्या पेशंटच्या घरच्यांनी संकष्टीला मोबाईलवर गणपतीची आरती लावली आणि बाबा एकदम म्हणायला लागले. अख्खं कडवं, शब्दांसकट! ज्या माणसाला ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं तो! आत्याने लगेच पेढे आणले. स्पीच थेरपिस्ट मात्र शांतपणे म्हणाल्या की असं होतं, याला बोलणं आलं असं नाही म्हणायचं. वर्षानुवर्षं पाठ असलेल्या आरत्या, एक ते दहा आकडे आणि शिव्या हे आपोआप येतं, मनातलं वाक्य जुळवून बोलणं वेगळं. (शिव्यांचा पुरावा आम्हाला दुसऱ्याच दिवशी मिळाला. सिस्टर सलाईन बदलत असताना बाबा स्पष्ट आवाजात ‘च्यायला’ म्हणाले.)

पण आरती येतेय म्हणजे त्या वाटेने प्रयत्न करता येईल, असं त्या म्हणाल्या. या पद्धतीचं नाव मेलॉडिक इंटोनेशन थेरपी, १९७३ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या लोकांनी मांडलेली. करतात काय, तर रोजच्या वापरातलं दोन-तीन अक्षरांचं वाक्य घ्यायचं आणि दोनच सुरांत, एक वरचा एक खालचा, ते गुणगुणायचं. प्रत्येक अक्षराला पेशंटचा डावा हात धरून टेबलावर एक थाप. आधी थेरपिस्ट एकट्या, मग दोघं मिळून, मग त्या मधेच हळूच गप्प होतात आणि पेशंट पुढे जातो, मग तेच वाक्य प्रश्नाचं उत्तर म्हणून द्यायचं आणि शेवटी सूर काढून टाकून साधं बोलायचं. डावा हात का, तर तो चालवतो मेंदूचा उजवा भाग, आणि आमचा शाबूत होता तोच. हे नेमकं कशामुळे चालतं यावर डॉक्टर लोकांत अजून वाद आहेत असं त्यांनीच सांगितलं, ते मला आवडलं.

वाक्यांची यादी आईकडून मागवली. आम्हाला वाटलं ती देवाधर्माचं काहीतरी देईल, तिने लिहून दिलं ‘चहा दे’, ‘पंखा लाव’, ‘दार लोट’, ‘कोण आलं’. थेरपिस्ट म्हणाल्या, हेच पाहिजे.

या सेशनना त्यांच्यासोबत म्युझिक थेरपीचा डिप्लोमा केलेल्या एक ताई बसायच्या, पेटीवर सूर धरायच्या. शिवाय ताईंची वेगळी गाण्याची सेशन्स होती, आवडीची गाणी ऐकणं, सोबत गाणं वगैरे. बिलावर सरसकट सगळ्याला ‘म्युझिक थेरपी’ लिहिलं आणि इथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

आमच्या पॉलिसीत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा खर्च मिळतो. तो क्लेम टाकला. पहिली क्वेरी, प्रिस्क्रिप्शन कुठाय. दिलं. मग डिडक्शनचा कागद आला, त्यात म्युझिक थेरपी ‘नॉन-मेडिकल’ खाली, मिनरल वॉटर आणि लाँड्रीच्या लगेच पुढच्या ओळीत. वर शेरा, उपचार सिद्ध झालेला नाही. मग मी बसून मेल लिहिला, सोबत २०१७ च्या कॉक्रेन आढाव्याची (कॉक्रेन म्हणजे उपचारांवरच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) प्रिंट जोडली. त्यात मेंदूला इजा झालेल्या ७७५ जणांवरच्या २९ चाचण्या तपासल्यात आणि लयीवर चालण्याचा सराव उपयोगी पडू शकतो, स्ट्रोकनंतर बोलण्यालाही फायदा होऊ शकतो असं लिहिलंय. आणखी अभ्यास हवा असंही त्यात आहे, तेही मी लपवलं नाही. त्यावर उत्तर आलं, ठीक, थेरपिस्टचा रजिस्ट्रेशन नंबर भरा.

आता तो रकाना. पोर्टलवर लाल चांदणी लावलेला, रिकामा ठेवला तर पुढे जातच नाही. ताईंकडे नंबर नाही, कारण डॉक्टरांना जशी मेडिकल कौन्सिल असते तशी त्यांना नाही. डिप्लोमाच्या सर्टिफिकेटचा नंबर टाकून पाहिला, परत आला. हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर गेले तर तो मुलगा म्हणतो, “मॅडम, म्युझिकवाल्या मॅडमना नंबर नसतो, नंबर डॉक्टरांना असतो.” म्हटलं ते मला पाठ झालंय, पुढे काय करू? तर टीपीए डेस्कला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्यांकडे) जा. टीपीए डेस्क म्हणे, “मग डॉक्टरांचा टाका ना.” न्यूरॉलॉजिस्टकडे गेले, ते म्हणाले सेशन मी घेतलेलं नाही, माझा नंबर कसा टाकू. आणि त्यांचं बरोबरच होतं! परत काउंटर. तिथे आता दुसरा मुलगा, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. कस्टमर केअरला फोन केला तर ती मुलगी अतिशय गोड आवाजात मला तोच रकाना भरायला सांगत होती. मी म्हटलं, अहो तो भरता येत नाही म्हणूनच फोन केलाय, तर म्हणे तुमची अडचण मी नोंदवून घेतलीय. इकडे ६० दिवसांचा हिशोब डोक्यात, बाबांना सोडून किती वेळ बाहेर थांबणार, आई एकटी, आणि दर वेळी दहा-पंधरा पानांची झेरॉक्स.

सुटलं ते असं. कॉरिडॉरमध्ये स्पीच थेरपिस्ट भेटल्या, त्यांना सहज सांगितलं. त्या म्हणाल्या, “अगं, वाक्यांची सेशन्स मी घेतलीत, ती स्पीच थेरपीच आहे. माझा आरसीआयचा नंबर आहे की!” आरसीआय म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, स्पीच थेरपिस्टना तिथे नोंदणी असते, तो सीआरआर नंबर. इतके दिवस ही बाई माझ्यासमोरच होती!

पण बिल बदलायला काउंटर तयार नाही. फायनल झालेलं बिल सिस्टीममधून निघत नाही, मोठे साहेब लागतात, मोठे साहेब रोज नसतात. मग स्पीच थेरपिस्टनीच मार्ग काढला. बिल तसंच ठेवून लेटरहेडवर सर्टिफिकेट दिलं, कोणत्या तारखेची सेशन्स त्यांची, कोणती फक्त ताईंची, सही, शिक्का, सीआरआर नंबर. सोबत सेशनच्या नोंदी, तारीख, वाक्य, आधाराने की आधाराशिवाय. ‘पंखा लाव’ पुढे तीन वेळा ‘आधाराने’ आणि चौथ्यांदा ‘स्वतः’ असं त्यांच्या अक्षरात लिहिलेलं, त्या कागदावर क्लेम पास झाला. ताईंच्या गाण्याच्या सेशन्सचे पैसे मिळाले नाहीत, ते आम्ही खिशातून भरले आणि त्याचं मला काही वाटत नाही. त्या तासानंतर बाबा नीट जेवायचे.

कंपनी महिनाभरात उत्तर देत नसेल किंवा उत्तर पटत नसेल तर विमा लोकपालाकडे जाता येतं, फी नाही, पुण्यातही ऑफिस आहे. माझ्यावर ती वेळ आली नाही, पण शेवटच्या मेलमध्ये लोकपालाचा उल्लेख केल्यावर उत्तरं भराभर यायला लागली, हे मात्र खरं.

आठवेल तसं लिहिते. ही वाक्यांची पद्धत सगळ्यांसाठी नाही, ज्यांना समजतं पण बोलता येत नाही त्यांच्यासाठी आहे. जे भराभर पण निरर्थक बोलतात त्यांना वेगळं काहीतरी लागतं. चालण्यासाठी मोबाईलवर फुकटचं मेट्रोनोम ॲप (एका लयीत ठोके देणारं) चालतं, ठोक्याला एक पाऊल, पण वेग फिजिओकडूनच ठरवून घ्या, आपल्या मनाने वाढवू नका. अमुक राग ऐका आणि बीपीची गोळी बंद करा असं सांगणारे व्हॉट्सॲपवर भेटतील, त्यांना सरळ ब्लॉक करा. नातेवाईकांना आधीच सांगून ठेवा की येऊन ‘काका, गाणं म्हणा ना’ करायचं नाही, बाबा त्याने जाम वैतागायचे आणि मग सेशनला बसायचे नाहीत. आता ते तीन-चार शब्दांची वाक्यं बोलतात, अडलं की डावा हात मांडीवर आपटतात आणि शब्द येतो, बहुतेक वेळा.

आणि ओरिजिनल पावत्या देण्याआधी प्रत्येक पान स्कॅन करा, सेशनच्या नोंदींचं पण, कारण परत मागितलं तर हॉस्पिटलवाले म्हणतात फाइल रेकॉर्ड रूमला गेली.