गटारीच्या रात्री बर्फ लाल केला

बारटेंडर म्हणजे बाटल्या हवेत फेकणारा माणूस असं मला वाटायचं, कारण तीन महिन्यांच्या कोर्समध्ये अर्धा वेळ आम्ही तेच केलं, प्लास्टिकच्या बाटल्या गादीवर पाडत बसलो. मग वाशीत स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवरच्या एका रेस्टो-बारमध्ये बार-बॅक, म्हणजे बारटेंडरच्या हाताखालचा पोरगा, म्हणून लागलो आणि पहिला महिनाभर काय केलं तर लिंबं कापली. तुर्भ्याच्या मार्केटातून गोणी यायची, दुपारी चारला बसायचं, दीड-दोनशे लिंबांच्या फोडी करायच्या, पुदिना निवडायचा, ग्लास पुसायचे. बोटाला बारीक चीर असेल आणि त्यात लिंबाचा रस गेला की जी आग होते ना, ती रात्री घरी जेवायला बसेपर्यंत जात नाही. घरी "हॉटेल लाइनला आहे" एवढंच सांगितलं होतं. आईने पुढे काही विचारलं नाही, म्हणजे तिला कळलंच असणार.

आमचा सिनियर, सगळे त्याला दादा म्हणतात, अठरा वर्षं काउंटरमागे उभा आहे आणि त्याला बाटली फेकताना मी एकदाही पाहिलं नाही. त्याचं सगळं साधं. पेग जिगरनेच, म्हणजे मापाच्या छोट्या पेल्यानेच मोजायचा, तीस मिली म्हणजे तीस, साठ म्हणजे साठ, समोर सख्खा मेव्हणा असला तरी. मोजितोचा पुदिना मडलरने, म्हणजे ठेचायच्या दांड्याने, नुसता दाबायचा, चटणी केलीस की कडू होतो (गिऱ्हाईक मोजितो म्हणतं, कोर्सच्या सरांनी मोहितो शिकवलेलं, मी आता मोजितोच म्हणतो). ज्यूस असेल ते शेक करायचं, नुसती दारू असेल ते ढवळायचं. आणि बर्फात ग्लास घालायचा नाही, स्कूपच वापरायचा. हे मी वहीत लिहून खाली दोन रेघा पण मारल्या होत्या.

आणि तेच केलं मी, तेही गटारीला.

४ ऑगस्ट २०२४, रविवार. गटारी आणि रविवार एकत्र म्हणजे काय असतं ते या धंद्यातल्यालाच विचारा. सकाळी आईचे दिवे घासून पाटावर मांडलेले, कणकेचे गोड दिवे उकडायला ठेवलेले, आणि मी मेगाब्लॉकच्या भीतीने दोन तास आधीच कळव्याहून निघालेलो. साडेसातला सगळी टेबलं फुल, बाहेर पावसात छत्र्या घेऊन लोक उभे, दारावरचा पोरगा वय बघून बघून कंटाळलेला. आपल्याकडे हार्ड लिकरला पंचवीसची अट आहे. मी स्वतः तेवीसचा, म्हणजे रात्रभर व्हिस्की बनवून देणार पण प्यायला मला कायद्याने बंदी. एरवी मी नुसता हाताखाली असायचो, पण त्या दिवशी एक बारमन आलाच नाही, दादा म्हणाला, उभा राहा, व्हिस्की-सोडा, रम-कोक तू बघ, कॉकटेल माझ्याकडे.

नऊ-सव्वानऊला एका वेटरने बिअरच्या बकेटा भरायला माझा स्कूप उचलून नेला. समोर बीओटीच्या, म्हणजे बारच्या ऑर्डरच्या चिठ्ठ्यांची माळ लागलेली. मी दोन मिनिटं थांबलो असतो तर काही झालं नसतं, पण थांबायचं कोणाला, हाताला लागला तो लांब ग्लास उचलला, नुकताच धुवून आलेला, अजून गरम, आणि खुपसला सरळ आइस बिनमध्ये. टिक् असा आवाज झाला. खरं सांगतो, गाण्याच्या आवाजात मला तो नीट ऐकूही आला नाही, हाताला जाणवला. त्याच ग्लासने बर्फ काढून दोन व्हिस्की-सोडा भरले, ट्रे गेला अकरा नंबरला, आणि तिसऱ्यांदा काढताना ग्लासच्या काठाकडे लक्ष गेलं. नखाएवढा अर्धगोल तुकडा गायब.

बिनमध्ये बघितलं तर काय दिसणार, बर्फात काच. सगळंच चकचकीत.

दोन-तीन सेकंदांत डोक्यात काय काय येऊन गेलं ते लिहायला लाज वाटते. ग्लास गुपचूप डस्टबिनमध्ये टाकावा, वरवरचा बर्फ चिवडून बघावा, कदाचित तुकडा आधीच उडाला असेल, धुतानाच गेला असेल. मग दादाकडे बघून नुसता ग्लास वर केला. तो शेकर हलवत होता, त्याने काठ बघितला, शेकर ठेवला, मागच्या फळीवरून ग्रेनेडीनची बाटली काढली, ते डाळिंबाचं लाल सिरप असतं ना, आणि अख्ख्या बिनवर ओतली. लाल बर्फ. म्हणजे चुकूनही कोणी हात घालायचा नाही. शिवी नाही, काही नाही. फक्त विचारलं, "किती गेले?"

"दोन. अकरा नंबर."

"मग अजून इथे काय करतोस?"

धावलो. अकरावर घणसोलीचे चार काका, एकाने ग्लास तोंडाला लावलेला. मी सरळ हातातून ओढला. "अरे ए, उद्यापासून श्रावण आहे, वर्षातला शेवटचा पेग तो, हातातून काढतोस?" तोवर कॅप्टन, म्हणजे वेटरांचा मुख्य, मागून आला आणि माझ्या कानात, ब्रँड चुकला सांग, ब्रँड चुकला. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, बर्फात काच असू शकते."

टेबल गप्प. काकांनी तोंडातल्या तोंडात जीभ फिरवली, इकडून तिकडे, दात चाचपल्यासारखी. "दोन घोट घेतलेत मी," ते म्हणाले. पलीकडचा म्हणाला, "मग उद्या सकाळी कळेल." सगळे हसले, ते काका सोडून. मी तर नाहीच. ग्लास जाळीतून गाळून बघितले, दोन्हीत काही नव्हतं, हे सांगायला परत गेलो तेव्हा ते नुसते मान हलवून भिंतीकडे बघत बसले.

इकडे किचनमधून गरम पाण्याची पातेली येत होती, बर्फ पूर्ण वितळेपर्यंत ओतायचं, मग बिन पुसायचा, मग परत पुसायचा. मशीनचा बर्फ तर आठलाच संपलेला. बर्फवाल्याला फोन केला तर तो हसलाच, आज गटारी आहे भाऊ, सकाळीच माल गेला. कॅप्टन म्हणाला मच्छीवाल्यांकडून आण, त्यावर मात्र दादा त्या रात्री पहिल्यांदा ओरडला, "तो खायचा बर्फ नाही!" मग वेटरची स्कूटर घेऊन मी पावसात फिरलो, तीन ठिकाणी नाही म्हणाले, शेवटी एका ज्यूस सेंटरवाल्याने दोन पिशव्या दिल्या, डबल भावात. पाय ठेवायच्या जागेत पिशव्या दाबून आणल्या, पोटऱ्या बधिर झाल्या. पंचवीस मिनिटं बिनबर्फाचा बार चालला तो दादाच्या जिभेवर. "साहेब, बिअर घ्या, एकदम चिल्ड आहे, व्हिस्की काय पळून जाते का?" पन्नास वेळा तरी म्हणाला असेल.

बंद झाल्यावर सिंकच्या जाळीत तुकडा सापडला. दादाने तो ग्लासच्या काठाला लावून बघितला. बसला. पण एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. तो दाणा आम्ही मोबाइलच्या टॉर्चने अर्धा तास शोधला, नाही मिळाला.

त्या ग्लासचे पैसे माझ्या पगारातून कापले गेले, ग्रेनेडीनचे नाही, ते दादाने कुठे दाखवलेच नाहीत. घरी निघालो तर विटाव्याच्या पुलाखाली पाणी, ज्याच्या बाइकवर होतो त्याने ऐरोलीवरून मुलुंडकडून फिरवून आणलं, पोचायला चार वाजले. ओट्यावर ताटलीखाली दोन कणकेचे दिवे आणि वाटीत तूप होतं. खाताना प्रत्येक घास जिभेने चाचपत होतो.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी, श्रावणामुळे अर्धी टेबलं रिकामी, आणि तेच काका बायको-मुलीला घेऊन जेवायला आले. व्हेज थाळ्या. मला बघितलं, ओळखलं. जाऊन विचारलं, काका, प्यायला काय आणू.

"लाइम सोडा," ते म्हणाले. मग बायकोकडे बघून हळूच, "बर्फ नको."