आमची वाटचाल : फ्रेमच्या पट्टीपासून माळ्यावरच्या वर्गापर्यंत

बडोद्याच्या दांडिया बाजारात बाबांनी फ्रेमचं दुकान टाकलं तेव्हा गिऱ्हाइकं दोनच प्रकारची. एक, देवांच्या तसबिरी आणि गेलेल्या माणसांचे फोटो घेऊन येणारी. दुसरी, फाइन आर्ट्सची पोरं. पहिली रोखीची, दुसरी उधारीची. बाबांच्या उधारीच्या वहीत दोन नावं अजून तशीच आहेत. आता त्यांची चित्रं मोठमोठ्या ठिकाणी लागतात, त्यामुळे मागायला आम्हालाच लाज वाटते.

फाइन आर्ट्स म्हणजे सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा, १९५० साली निघालेली. तिथे शिकवणाऱ्या बेंद्रे, शंखो चौधुरी, सुब्रमण्यन यांची नावं बाबा अशा घरोब्याने घ्यायचे, की लहानपणी मला ते आमचे नातेवाईक वाटायचे. त्याच्याही साठ वर्षं आधी, १८९० मध्ये, सयाजीराव महाराजांच्या काळात कलाभवन सुरू झालं. तिथे चित्रकलेच्या शेजारी रंगाई, विणकाम आणि यंत्रकाम शिकवत. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या कितीतरी आधी तिथे शिकून गेले. त्यामुळे शाळांच्या माहितीपत्रकात हल्ली 'आर्ट अँड डिझाइन'चा नवा उपक्रम म्हणून गाजावाजा असतो, तेव्हा थोडं हसू येतं. आमच्या गावात कुंचला आणि हातमाग एका छताखाली येऊन सव्वाशे वर्षं उलटून गेली.

मी स्वतः कॉमर्सवाला. बाबांचे गुडघे गेले म्हणून दुकानात बसलो. पट्टी पंचेचाळीस अंशांत कशी कापायची, काचेवर हिरा कसा फिरवायचा, हे हाताला बसायला वर्ष गेलं. हाताला बसलं तोवर धंदा बसला. तयार फ्रेमा मॉलमध्ये मिळू लागल्या आणि फोटो लोकांच्या फोनमध्येच राहू लागले. देवांच्या तसबिरी तेवढ्या चालू होत्या, पण देवांवर किती दिवस काढणार?

मग शाळांना चित्रकलेचं सामान पुरवायचं ठरवलं. एका शाळेची तीनशे खोक्यांची ऑर्डर मिळाली: वही, पोस्टर रंग, तीन ब्रश. भाव कमी लावायचा म्हणून ब्रश स्वस्तातले घेतले. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. पंधरा दिवसांत तिथल्या चित्रकलेच्या शिक्षिका स्वतः दुकानात आल्या आणि एका मुलाची वही काउंटरवर उघडली. निळं आकाश, आणि आकाशभर ब्रशचे केस चिकटलेले. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, मुलाला वाटतंय त्याचा हात वाईट आहे." ते वाक्य ऐकून मी शाळेत जाऊन सगळे ब्रश बदलून दिले. त्या ऑर्डरीत फायदा झाला नाहीच, वर खिशातले गेले. शाळेचा चेक तीन महिन्यांनी आला ती गोष्ट वेगळी.

लग्नानंतर दुकानाची दिशा बदलली, आणि ती बायकोने बदलली. ती उपयोजित कला शिकलेली. माझी खोकी बघून म्हणाली, "तू सामान विकतोस, पण ते कसं वापरायचं हे मुलांना दाखवतं कोण? आठवड्यात चित्रकलेचा एक तास, तोही परीक्षा आली की गणिताला जातो." दुकानावर माळा होता, जुन्या पट्ट्या आणि फुटक्या काचांनी भरलेला. तो रिकामा केला आणि तिथे तिने चित्रकलेचा वर्ग सुरू केला. आठवी ते बारावीची चौदा मुलं बसतात, पंधरावं आलं की जिन्यावर.

पहिल्या दिवशी तिने मुलांच्या हातात रंग दिलेच नाहीत. आमच्याकडे चुकलेले माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवायच्या पुठ्ठ्याच्या चौकटी, ढिगाने पडलेले असतात. असा माउंट समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर कापला की काटकोनाचे दोन तुकडे होतात. ते एकमेकांवर सरकवले की हवी तेवढी, हवी तशी चौकट तयार. हे दोन तुकडे घेऊन मुलांना खिडकीशी उभं केलं. रस्ता तोच. एकीच्या चौकटीत फक्त विजेच्या तारा, एकाच्या चौकटीत सेव उसळच्या गाडीचं पातेलं. मी खाली पट्टी कापत होतो आणि ऐकत होतो. इतकी वर्षं फ्रेम विकल्या, पण चौकट म्हणजे काय आत ठेवायचं आणि काय बाहेर, हे माझ्या डोक्यात त्या दिवशी शिरलं.

अक्षरांचा धडाही असाच रस्त्यावरून आला. मुलांना दुकानांच्या पाट्या बघून यायला सांगितलं होतं. आमच्याकडे अर्ध्या घरांत मराठी, रस्त्यावर गुजराती, शाळेत इंग्रजी. नववीतली एक मुलगी एका फरसाणवाल्यासाठी गुजराती आणि मराठी अशी दोन ओळींची पाटी काढून बघत होती. तीनदा खोडली. शेवटी वैतागून म्हणाली, "काका, गुजरातीला छप्परच नाही!" बरोबर. ग, न, म, प ही अक्षरं दोन्हीकडे जवळपास तीच, पण गुजरातीत शिरोरेषा नाही. मराठी ओळ दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरच्या रेघेला लटकते, गुजराती अक्षरं सुटी उभी राहतात. एकाच मापात लिहिली तरी मराठी ओळ जड दिसते, डोळा तिच्याकडेच जातो. मग तिने गुजराती अक्षरांची जाडी किंचित वाढवली, मराठीची रेघ बारीक केली, आणि तोल आला. फरसाणवाल्याने पाटी खरंच लावली. मानधन म्हणून अर्धा किलो पापडी दिली, ती माळ्यावर दहा मिनिटांत संपली.

अकरावी-बारावीला सीबीएसईचा पेंटिंग विषय घेणारी दोन-चार मुलं दर वर्षी असतात. ७० गुण प्रात्यक्षिकाला, ३० लेखी. बारावीच्या लेखीत राजस्थानी, पहाडी, मुघल, दख्खनी शैली आणि बंगाल स्कूल. बंगाल स्कूल म्हटलं की मुलं नंदलाल बोस हे नाव पाठ करतात, आणि त्याच नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात रंगवलेल्या भिंती आमच्या कीर्तिमंदिरात, गायकवाड घराण्याच्या स्मारकात, आहेत, हे त्यांना ठाऊकच नसतं. गंगावतरण, मीरेचं जीवन, रवींद्रनाथांचं नाटक 'नटीर पूजा', महाभारताचं युद्ध. स्कूटरवर दहा मिनिटं. आम्ही मुलांना घेऊन गेलो तेव्हा एक मुलगा गंगावतरणासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "पुस्तकात हे आगपेटीएवढं होतं."

आईवडिलांचा विषय काढला की मात्र माझा पारा चढतो. बारावीच्या जानेवारीत फोन येतो: महिन्याभरात पोर्टफोलिओ करून द्याल का? एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, हवी असते. संस्था इथून शंभर-एक किलोमीटरवर अहमदाबादेत १९६१ पासून आहे, पण आठवण बारावीतच होते. तिथे दोन टप्प्यांची परीक्षा असते आणि मुलाने काय पाहिलं, कसा विचार केला हे त्यात तपासतात. दुसऱ्याने काढून दिलेल्या चित्रांची फाइल तिथे काय कामाची? आम्ही नाही म्हणतो. काही जण दुसरीकडे जातात आणि त्यांचं कामही होतं. असो.

कोरोनात सगळं बंद पडलं, ते वर्ष आठवायला नको. त्यातून एकच चांगलं उरलं: फोनवर एकेक फोटो जोडून हलती फिल्म (स्टॉप-मोशन) करायची मुलांची हौस. मातीची बाहुली, सेकंदाला बारा फोटो, म्हणजे चाळीस सेकंदांना चारशे ऐंशी. स्टँड फ्रेमच्या उरलेल्या पट्ट्यांचा. पहिली फिल्म लावली तर बाहुली नीट चालत होती, पण मागची भिंत दिवाळीच्या माळेसारखी उजळत-मिणमिणत होती. खिडकी उघडी, दुपारभर ऊन सरकलेलं, मध्येच ढग. दुसऱ्या शनिवारी खिडकीवर जाड पुठ्ठा लावला, दोन एलईडी बल्ब टांगले, आणि घामाघूम होऊन सगळं पुन्हा काढलं. पंखा चालू करायचा नाही, बाहुलीचा कागदी पदर हलतो.

२०२४च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला. नदीच्या बाजूला भाड्याने घेतलेल्या गोदामात कमरेएवढं पाणी शिरलं, माउंटबोर्डाचे गठ्ठे फुगून पावासारखे झाले. एका हंगामाची कमाई त्यात गेली. विमा नव्हता, आता घेतलाय.

पाणी ओसरल्यावर पहिल्या शनिवारी दहावीतला एक मुलगा फोनमध्ये फोटो घेऊन आला. त्याच्या सोसायटीत शिरलेली मगर. बडोदेकरांना मगरी नव्या नाहीत, पण हा फोटो बघून माळा गप्प झाला: नुसता जबडा, दात, चिखलाचं पाणी. दिवसभर ग्रुपवर फिरलेला, घराघरांत घाबरवून गेलेला. बायकोने विचारलं, "मूळ फोटो आहे का, पूर्ण?" होता. त्यात मगरीला दोर बांधलेला, जबड्यावर पट्टी बसायच्या बेतात, बाजूला पकडणारी चार माणसं आणि जिन्यावर दालवडे खात उभी राहिलेली अर्धी सोसायटी.

तिने दोन्ही फोटो छापून आणायला सांगितले. मुलगा म्हणाला, "दोन्ही खरेच आहेत ना, ताई?" आणि काटकोनाचे ते दोन तुकडे घेऊन मोठ्या फोटोवर मागे-पुढे सरकवत बसला. जबडा एकदा चौकटीत येई, एकदा दालवडे. खाली गिऱ्हाईक आलं होतं, गणपतीच्या तसबिरीला काच बसवायची होती. मी उतरलो.