आमची वाटचाल: प्रसंग आठ मिनिटांचा, काम त्यानंतरचं

‘आम्ही महाविद्यालयांसाठी मार्गदर्शित संवादाची सत्रं घेतो’ असं सांगितलं की समोरून हमखास प्रश्न येतो, ‘म्हणजे मुलाखतीची तयारी ना?’ तसं नाही. आमच्या सत्रात विद्यार्थी एखादा अवघड प्रसंग भूमिका करणाऱ्या माणसासमोर करून बघतो आणि मग मार्गदर्शक त्याच्याशी त्यावर बोलतो. पण सुरुवातीची बरीच कामं याच गैरसमजातून मिळाली, त्यामुळे तक्रार नाही.

आम्ही दोघी भागीदार. मी परिचर्या (नर्सिंग) शिकवायचे, ती अभियांत्रिकी. मूळ कल्पना वैद्यकीय शिक्षणातली. हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी डॉक्टरांनी १९६३ च्या सुमारास एका व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांसमोर बसवलं होतं. आम्ही परिचर्येच्या मुलांसमोर शस्त्रक्रिया पुढे ढकलल्यामुळे भडकलेला नातेवाईक आणला, अभियांत्रिकीच्या मुलांसमोर मुदत उलटल्यावर जाब विचारणारा ग्राहक. प्रसंग आठ-दहा मिनिटांत आटोपतो. पैसे मोजायचे ते त्यानंतरच्या बोलण्याचे, हे संस्थांच्या गळी उतरवायला फार वेळ लागला.

त्या बोलण्यात ‘तुमचं कुठं चुकलं?’ हा प्रश्न बाद. तो ऐकला की विद्यार्थी सफाई द्यायला लागतो. मार्गदर्शक आधी जे दिसलं ते सांगतो, मग स्वतःला काय वाटलं ते, आणि मग विचारतो. ‘ते चिडले तेव्हा तुम्ही फाइल उघडलीत. मला वाटलं, तिथं ते तुमचं ऐकायचे थांबले. तुमच्या मनात काय चाललं होतं?’ एक मुलगी म्हणाली, ‘फाइलमध्ये बघितलं की त्यांच्याकडे बघावं लागत नाही.’ पुढचा प्रश्न या उत्तरातूनच निघतो. तो आधी लिहून ठेवता येत नाही. म्हणून आम्ही तयार प्रश्नावल्या विकत नाही, मागणी भरपूर असली तरी.

प्राध्यापकांना तयार करणं सर्वांत अवघड. उत्तर ओठांवर असताना गप्प बसायचं! मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधकांच्या निरीक्षणांत शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत. ते तीन सेकंद थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली. आमच्याकडे घड्याळ समोर ठेवून थांबण्याचा सराव होतो. कंटाळवाणा आहे, पण चुकवता येत नाही.

एका गटात आठ-दहाच विद्यार्थी घेतो. ‘अख्खा वर्ग एकदम घ्या’ म्हणणारी कामं सोडली, त्या वर्षी हिशेब कसाबसा जुळला.

आता ‘हेच एआयवर करून द्या’ अशी मागणी येते. पूर्वतयारीसाठी करून देतो: विद्यार्थी संकोच न करता तोच प्रसंग हवा तितक्या वेळा करून बघू शकतो. त्या संवादावरून गुण द्यायचे नाहीत, हे मात्र करारातच लिहितो. गुण आले की मुलं मनातलं सोडून अपेक्षित तेच बोलतात.

सध्या विधी शाखेसाठी पक्षकाराच्या पहिल्या भेटीचा प्रसंग लिहितोय. पक्षकारानं किती लपवायचं, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.