तुम्ही विचारलंत म्हणून: ब्रेस्ट रिडक्शन करू का?

माझं ब्रेस्ट रिडक्शनचं, म्हणजे छाती लहान करायचं, ऑपरेशन झालंय हे कळलं की कोणीतरी बाजूला घेऊन हळूच विचारतंच, "करू का गं मी पण?" करू की नको ते तुमचं तुम्ही ठरवा, पण मला जे आधी नीट कळायला हवं होतं ते सांगते.

माझा त्रास खरा होता, खांद्यावर ब्राच्या पट्ट्यांचे खड्डे, मान कायम आखडलेली, छातीखाली घामाने कातडी लाल होऊन सोलवटायची, मलमं लावून लावून कंटाळले होते. ते सगळं गेलं. पण व्रण आले ते कायमचे, निपलभोवती गोल, तिथून खाली उभी रेघ आणि छातीखालच्या घडीत आडवी. थोडंच काढायचं असेल तर आडवी रेघ कधीकधी टळते. वर्ष-दीड वर्षात फिके होतात, पुसले जात नाहीत.

आता दुधाचं, कारण हे विचारायला सगळ्या लाजतात. निपल बहुतेक वेळा पूर्ण सुटा न करता खालच्या टिश्यूसकट वर सरकवतात, तरी आतल्या काही नसा आणि दुधाच्या नळ्या कापल्या जातातच, त्यामुळे तिथलं सेन्सेशन कमी होऊ शकतं, कधी कायमचं, आणि पुढे बाळाला पुरेसं दूध येईलच असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, काहींना येतं, काहींना वरचं द्यावं लागतं. मूल हवं असेल तर डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच विचारा. शिवाय बाळंतपणात, वजन वाढलं-घटलं की साइज परत बदलते.

सिगरेट ओढत असाल तर खरं सांगा प्लीज. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखम भरत नाही, निपलची कातडी मरूसुद्धा शकते. निदान 4 आठवडे आधी आणि तेवढेच नंतर बंद, व्हेपही नाही.

"अमुकच कप हवा" असं ठरवून जाऊ नका, तसं वचन कोणी देत नाही, दोन्ही बाजू अगदी सारख्याही होत नाहीत.

माझी तिसऱ्या आठवड्यात उभी-आडवी रेघ मिळते तिथली जखम थोडी उघडली, मी घाबरून रडले, मग कळलं की हे बऱ्याच जणींना होतं, ड्रेसिंग करून भरली. काढलेला टिश्यू लॅबमध्ये तपासतात, रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला लागतो तो वेगळाच.

आणि साधारण 6 आठवडे जड उचलायचं नाही, सुरुवातीला हात डोक्यावर जात नाहीत, तेव्हा पहिला आठवडा केस धुवून देणारं कोणीतरी घरात असू द्या.