तुम्ही विचारलंत म्हणून: लाइव्हला इतकी माणसं कशाला?

"मोबाईल स्टँडवर लावला की लाइव्ह होतंच की. मग तुम्हाला एवढी माणसं कशाला, आणि आदल्या दिवसापासून हॉल कशाला?" कंपन्यांच्या मोठ्या परिषदांचं लाइव्ह करायला लागल्यापासून हे मला सतत विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. छोट्या सभेला मोबाईल पुरतोही. पण हॉलमध्ये हजारभर माणसं आणि त्याहून कितीतरी जास्त आपापल्या स्क्रीनसमोर, असं असतं तेव्हा त्या न आलेल्यांची काळजी वाहायला कोणीतरी लागतं.

सुरुवातीच्या काळातली एक परिषद. तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी उभं राहून, माइक न घेताच प्रश्न विचारला. मोठा धीराचा प्रश्न होता. हॉलभर ऐकू गेला, टाळ्या पडल्या. स्टेजवरच्या साहेबांनीही मनापासून पाच मिनिटं उत्तर दिलं. आणि ऑनलाइन चॅटमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत राहिली: "प्रश्न काय होता?" टाळ्यासुद्धा तिकडे पोचल्या नव्हत्या, कारण मिक्सरवरून आम्ही फक्त स्टेजवरचे माइक घेतले होते. तेव्हापासून आमच्याकडे ऑनलाइनचा आवाज वेगळा मिक्स होतो, प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक लागतात आणि हातात माइक घेऊन रांगांमधून पळायला दोघं असतात. चित्र जरा धूसर झालं तर लोक चालवून घेतात. आवाज गेला की उठून जातात.

ओठ आणि आवाज जुळवणं हेही त्यातलंच. कॅमेऱ्याचं चित्र स्विचरमधून, म्हणजे कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवायचं ते निवडायच्या यंत्रातून, बाहेर पडेपर्यंत दोन-तीन फ्रेम मागे पडतं. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज ४५ मिलिसेकंद पुढे गेला तरी खटकतो, मागे पडला तर मात्र १२५पर्यंत कळत नाही. वीज आधी दिसते आणि गडगडाट नंतर येतो, याची आपल्याला सवयच आहे. म्हणून आवाज मुद्दाम थोडा थांबवून सोडायचा. हे रिकाम्या हॉलमध्येच नीट जुळतं, आदला दिवस त्यासाठी.

पण माझा जीव खरा अडकतो तो उशिरापाशी. इंटरनेटवरून व्हिडिओ पाठवायच्या नेहमीच्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे साधारण सहा-सहा सेकंदांचे तुकडे होतात आणि प्लेअर त्यातले दोन-तीन साठवून मगच दाखवायला लागतो. स्टेजवरचं वाक्य घरी पोचायला वीस-तीस सेकंद सहज जातात. सूत्रसंचालक विचारतात, "ऑनलाइन कोणाचा प्रश्न?" चार सेकंद थांबतात आणि "नाहीये बहुतेक" म्हणून पुढे सरकतात. तिकडच्या माणसाच्या कानावर तोवर ते वाक्य पडलेलंही नसतं. तो उत्साहाने टाइप करायला घेतो तेव्हा इकडे आभारप्रदर्शन चालू असतं. म्हणून "प्रश्न आत्तापासून लिहायला लागा" हे वाक्य मी स्क्रिप्टमध्ये दहा मिनिटं आधीच घालते.

आणि एक सहकारी हॉलबाहेरच्या खोलीत बसते. साधं इंटरनेट, साधा फोन, कानात हेडफोन. तिने फक्त बघायचं. तिला ऐकू आलं नाही की ती टॉकबॅकवर, म्हणजे आमच्या आपापसात बोलायच्या हेडसेटवर, सांगते, आणि स्टेजसमोरच्या मॉनिटरवर अक्षरं उमटतात: "प्रश्न पुन्हा सांगा."

खर्च कमी करायचा म्हटलं की यादीतून सगळ्यात आधी तिचंच नाव कापायला सांगतात. मी एक कॅमेरा कमी करते, तिला ठेवते.